सायलेन्सरचा सांधा गळतो तेव्हा बोल्ट कोणता घ्यावा?

डिझेल पिकअपच्या टर्बोखालचा फ्लँज (दोन पाइप जोडणारी बोल्टची चकती) फुरफुरू लागला की गंजलेले बोल्ट फेकून स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट बसवले जातात. ते गंजत नाहीत, हे खरं. पण हा सांधा धूर धरतो तो बोल्टच्या ताणावर.

बोल्ट कसला की तो किंचित लांबतो, आणि पूर्ववत होण्याच्या त्याच्या धडपडीतूनच पॅकिंगवर दाब येतो. पकड, म्हणजे डोकं आणि नट यांच्यामधली बोल्टची लांबी, 25 मिमी आणि ताण 400 मेगापास्कल धरला, तर हे लांबणं जेमतेम 0.05 मिमी भरतं. आता उष्णतेचं बघू. साधं पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे 12 मायक्रॉन प्रसरण पावतं, बाजारात मिळणारं 304 स्टेनलेस सुमारे 17. सांधा 400 अंशांनी तापला की पोलादी फ्लँजपेक्षा स्टेनलेस बोल्ट 0.05 मिमी जास्त वाढतो, म्हणजे कमावलेला सगळा ताण गेला! फ्लँजही 304 चाच असेल तर ही अडचण नाही. मात्र तिथे स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच आट्यांवर जाम होतो. वंगण न लावता चढवूच नये.

डोक्यावर 10.9 किंवा 12.9 असा ताकदीचा दर्जा लिहिलेला बोल्टही इथे जास्त टिकत नाही. हे आकडे थंड बोल्टचे. त्याची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि 400 अंशांच्या आसपास सतत तापल्यावर तो हळूहळू सैल पडतो. जस्ताचा मुलामा तर 419 अंशांना वितळतो. अशा जागी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा बी7 स्टड (डोकं नसलेला, आट्यांचा दांडा) मागावा. औद्योगिक बोल्टच्या दुकानात तो मिळतो.

नट तांब्याचा मुलामा दिलेला, तोंडाशी दाबून आवळ केलेला घ्या, आणि दर वेळी नवा. नायलॉनवाला नट इथे वितळतो. स्प्रिंग वॉशरही तापून मऊ पडतो, तेव्हा तो नकोच. आट्यांना निकेलची अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा. मात्र टॉर्कचा, म्हणजे आवळताना दिलेल्या पिळाचा, सुमारे 90 टक्के भाग घर्षणातच खर्च होतो, म्हणून पेस्ट लावल्यावर कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा साधारण पाव हिश्श्याने उतरवावा लागतो. एम8 च्या 8.8 बोल्टला कोरडे 25 न्यूटन-मीटर, तर पेस्टसह 18-19. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

गोल कडीच्या सांध्यावरचे स्प्रिंग बोल्ट काढून साधे बोल्ट ठोकू नका. इंजिन रबरी माउंटवर हलतं, ती हालचाल हा सांधा सोसतो. तो जखडला की तडा पाइपला जातो. हे बोल्ट खांदा टेकेपर्यंतच आवळायचे.

जुनी पॅकिंग पुन्हा वापरू नका. फ्लँज खरवडून घ्या, समोरासमोरचे नट आलटून-पालटून तीन फेऱ्यांत आवळा. मग गाडी गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि टॉर्क पुन्हा तपासा. शेवटी थंड इंजिन सुरू करून सांध्यावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर पाना बाजूला ठेवा आणि फ्लँजवर सरळ पट्टी धरून बघा. जास्त आवळून त्याचे कान बहुधा आधीच वाकलेले असतात.