पर्ल हार्बर: विमानवाहू जहाजं मुद्दाम हलवली नव्हती

"राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरच्या जपानी हल्ल्याची आधीच खबर होती, म्हणून विमानवाहू जहाजं बंदराबाहेर काढली," असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. त्यातलं 'एंटरप्राइज' हे जहाज पॅसिफिकमधल्या वेक बेटाला लढाऊ विमानं पोचवून परतत होतं. खराब हवामानाने खोळंबलं, नाहीतर 6 डिसेंबर 1941 लाच बंदरात असतं. अमेरिकेने फोडलेल्या सांकेतिक जपानी संदेशांत युद्धाची चाहूल होती, पण हल्ला पर्ल हार्बरवरच होणार असं कुठेही नव्हतं. कटाच्या या गोष्टीमुळे खरा हलगर्जीपणा झाकला जातो, याचा राग येतो. घातपाताच्या धास्तीने हवाईतल्या लष्कराचे प्रमुख जनरल शॉर्ट यांनी विमानं एकमेकांना खेटून उभी करवली. हल्ल्याच्या दिवशी, 7 तारखेला सकाळी 7:02 ला हवाईतल्या ओपाना इथल्या रडारवर विमानांचा मोठा ताफा दिसला; ड्युटीवरच्या लेफ्टनंटला ती आपलीच बी-17 बॉम्बफेकी विमानं वाटली, आणि त्याने रडारवाल्यांना काळजी करू नका म्हणून सांगितलं.