शब्दजोड्या (इंग्रजी शब्दसंग्रह)

नेहमी एकत्र येणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या, आणि त्यांच्या आधाराने समानार्थी शब्द शिकण्याची पद्धत. ‘लॉ अँड ऑर्डर’, ‘पीस अँड क्वायट’ ही परिचित उदाहरणे.

उगम : याविषयी एकमत नाही. रूढ मतानुसार १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबारी व्यवहार फ्रेंच-लॅटिनमध्ये आणि रयतेचे बोलणे इंग्रजीत, अशी फाळणी झाली. दोहोंकडच्यांना अर्थ कळावा म्हणून दस्तऐवजांत दोन्हींकडचे शब्द शेजारी आले. ‘विल अँड टेस्टामेंट’मध्ये (मृत्युपत्र) पहिला शब्द देशी, म्हणजे मूळ इंग्रजी, दुसरा लॅटिन, ‘गुड्स अँड चॅटल्स’मध्ये (चीजवस्तू) दुसरा फ्रेंच. मात्र ‘सीस अँड डेझिस्ट’मधील (थांबणे) दोन्ही शब्द फ्रेंचमार्गे आलेले, तर ‘हॅव अँड होल्ड’ (जवळ बाळगणे) संपूर्ण देशी आहे. आद्यवर्ण जुळवण्याची रीतही इंग्रजी काव्यात नॉर्मनांपूर्वीची. म्हणून लय आणि ठासून सांगण्याची गरज हे मूळ, भाषासंपर्काने त्याला बळ दिले, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. शब्दांचा क्रम सहसा उलटत नाही. भाषाशास्त्रज्ञ याकोव्ह माल्कील यांनी १९५९ मध्ये याची चिकित्सा केली.

मराठीतही असेच घडले. धनदौलत, रीतिरिवाज, लाजशरम यांत उत्तरपद अरबी-फारसीतले. ‘कोर्टकचेरी’त तर इंग्रजीच पुढे बसली.

सोलापूर : येथे मराठी, कन्नड, उर्दू आणि पूर्व भागातील विणकर कुटुंबांची तेलुगू एकाच शहरात नांदतात. मराठी घरात ‘कॉफीबिफी’, कन्नड-तेलुगू घरात ‘कॉफी-गीफी’. जोडीचा ठेका मुलांच्या कानात शाळेआधीच असतो. इंग्रजी शिकवताना हे भांडवल वापरावे. ‘कोर्टकचेरी’ फोडून दाखवली की ‘विल अँड टेस्टामेंट’ वेगळे समजवावे लागत नाही.

समानार्थी शब्द : पीटर मार्क रोजे यांच्या १८५२ च्या थिसॉरसने (समानार्थी शब्दांच्या कोशाने) शब्द वर्णानुक्रमाने न लावता अर्थाच्या कुळांनुसार लावले. कुळ एक म्हणजे वापर एक, असे मात्र नव्हे. पाहुण्याला आपण पाणी विचारतो, जल विचारत नाही. तसेच ‘बिग’ आणि ‘लार्ज’ दोन्ही मोठे, पण थोरला भाऊ ‘बिग ब्रदर’च. त्यामुळे सुट्या शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यासह, पूर्ण वाक्यात लिहून ठेवावा.