ऊर्जा व पाणी वाचवणाऱ्या इमारती : रचना आणि नूतनीकरण

कमीत कमी ऊर्जेत व पाण्यात आत वावरणाऱ्यांना पुरेसा उजेड, मोकळी हवा, ऊब किंवा गारवा मिळावा अशा रीतीने इमारत बांधणे, किंवा जुनी इमारत त्या दृष्टीने सुधारणे. यात यंत्रांची पाळी शेवटी येते. आधी गरज कमी करायची आणि उरलेल्या गरजेपुरते यंत्र बसवायचे. हा क्रम उलटला की खर्च दुहेरी होतो. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट थंड करून थांबतो. तेवढ्या वेळात हवेतले बाष्प पुरेसे निघत नाही आणि खोली गार पण दमट राहते.

नव्या बांधकामात दिशा नीट निवडायला वेगळा खर्च लागत नाही. पूर्व-पश्चिमेचे ऊन जवळजवळ आडवे येते, ते छज्जाने अडत नाही. म्हणून मोठ्या खिडक्या शक्यतो उत्तर-दक्षिणेला ठेवाव्यात. पश्चिमेला खिडकी हवीच असेल तर ऊन अडवणारी झडप (शटर) बाहेरून लावावी. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर बरीचशी उष्णता काचेतून आत आलेली असते.

भिंती व छपरासाठी उष्णतारोधक थर लागतो. १० सेंमी खनिज लोकरीइतका (दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंच्या थराइतका) रोध साध्या विटांनी मिळवायचा तर भिंत दीड ते दोन मीटर जाड करावी लागेल. मात्र लोकर दाबून बसवली किंवा ओली झाली की तिचा गुण जातो. थर जिथे तुटतो, उदाहरणार्थ खोलीतून सलग बाहेर गेलेला बाल्कनीचा स्लॅब, तिथून उष्णता निसटते. थंड हवामानात त्या कोपऱ्यात दव धरते आणि बुरशी येते.

फटी शोधण्यासाठी दारात पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि धुराची कांडी फिरवतात. चौकटीभोवतीची जागा, वायरींच्या पेट्या आणि पाइपांची भोके येथे धूर हलताना दिसतो. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठी जर्मनीत विकसित झालेल्या ‘पॅसिव्हहाउस’ मानकात या दाबाला तासाभरात इमारतीतल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त गळती चालत नाही. पहिले असे घर १९९१ साली डार्मश्टाट येथे राहते झाले. फटी बुजवल्या आणि वायुवीजनाची सोय केली नाही, तर स्वयंपाकघर व न्हाणीघराची वाफ आतच कोंडते. नूतनीकरणात ही चूक फार होते. तशीच दुसरी चूक म्हणजे चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला बाष्प न सोडणारा रंग देणे. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि गिलावा फुगून सुटतो.

पाणी आणि ऊर्जा यांचा हिशोब एकत्रच करावा लागतो. मिनिटाला १५ लिटरऐवजी ८ लिटरचा शॉवर बसवला, तर आठ मिनिटांच्या आंघोळीत ५६ लिटर पाणी वाचते. ते २० अंशांनी तापवायचे असेल तर सुमारे १.३ किलोवॅट-तास ऊर्जाही वाचते. गरम पाण्याच्या नळीची लांबी नकाशातच तपासावी. १५ मिमी आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ०.१८ लिटर पाणी असते. गीझर २० मीटर दूर असेल तर दर वेळी साडेतीन लिटर गार पाणी सोडून द्यावे लागते. न्हाणीघर व स्वयंपाकघर एका भिंतीला पाठ लावून असले की हे टळते.

जुन्या फ्लश टाकीत १० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी जाते, नव्या दोन बटणांच्या टाकीत ६ किंवा ३ लिटर. मात्र नुसती टाकी बदलून जुने भांडे तसेच ठेवले, तर ते एका फ्लशमध्ये साफ होत नाही आणि लोक दोनदा बटण दाबतात. टाकी व भांडे जोडीनेच बदलावे. गळती तपासायला टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये. रंग भांड्यात उतरला तर तळाचा वॉशर झिजला आहे.

१०० चौ. मी. छपरावर १० मिमी पाऊस पडला की १,००० लिटर पाणी येते. त्यातले सुमारे ८० टक्के हाती लागते असे धरतात. पहिल्या सरीचे धूळमिश्रित पाणी वेगळे काढून मगच उरलेले साठवावे. न्हाणीघराचे वापरलेले पाणी प्रक्रियेविना दिवसभराहून जास्त साठवू नये, ते कुजते. त्याच्या नळ्या वेगळ्या रंगाच्या असाव्यात आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीशी त्यांचा सांधा कुठेही नसावा, मध्ये झडप (व्हॉल्व्ह) लावूनसुद्धा.