कापडी पिशवी घरीच का राहते?

प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल लोकांना विचारलं, तर उत्तर जगात कुठेही साधारण सारखंच मिळतं. त्या वाईट आहेत, कमी वापरायला हव्यात, आपणही प्रयत्न करतो. पण हीच माणसं बिल करताना कशी वागतात हे पाहिलं, तर वेगळंच चित्र दिसतं. घरात चार-पाच चांगल्या पिशव्या असतात, दुकानात मात्र हात रिकामा असतो. या तफावतीला बरेच जण ढोंग म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. या विषयावर गेल्या दोन-अडीच दशकांत झालेलं संशोधन वाचलं की दिसतं, इथे प्रश्न हेतूचा कमी आणि स्मरणशक्तीचा जास्त आहे.

मानसशास्त्रात स्मरणाचा एक प्रकार वेगळा काढून अभ्यासला जातो. झालेली गोष्ट आठवणं वेगळं, आणि पुढे करायची गोष्ट नेमक्या वेळी आठवणं वेगळं. औषधाची वेळ, निरोप पोचवणं, बाहेर पडताना पिशवी उचलणं ही सगळी दुसऱ्या प्रकारातली कामं. ती आठवायला बाहेरून काहीतरी खूण मिळावी लागते. पिशवीच्या बाबतीत अडचण अशी की खूण चुकीच्या जागी मिळते. सामान समोर आलं की पिशवीची आठवण होते, पण तोवर पिशवी दाराआड राहिलेली असते. घराचं दार ओढून घेताना मन किल्ली, फोन, पाकीट यांत असतं. त्या क्षणी पिशवीची आठवण करून देणारं आजूबाजूला काहीच नसतं.

त्यात भर पडते सवयीची. वेंडी वुड यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलंय की रोजच्या जगण्यातला मोठा भाग आपण ठरवून करत नाही. तीच जागा, तोच क्रम समोर आला की हात आपोआप चालू लागतो. दुकानातलं बिल हा असाच एक क्रम आहे. पिशवी न मागता मिळत होती तोवर ग्राहकाने ‘प्लास्टिक घ्यायचं’ असा निर्णय कधी घेतलाच नव्हता. सामान पिशवीत पडायचं आणि पिशवी हातात यायची. जिथे निर्णयच होत नाही तिथे माहितीपत्रकं आणि फलक फारसं काही करू शकत नाहीत, कारण माहितीचा उपयोग विचार करणाऱ्या मनाला असतो.

म्हणूनच पिशवीवर लावलेल्या अगदी किरकोळ आकाराचा, म्हणजे शुल्काचा, परिणाम इतका मोठा का होतो, हे पाहण्यासारखं आहे. अर्थशास्त्रज्ञ टाटियाना होमोनॉफ यांनी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरातल्या दुकानांचा अभ्यास केला. काही दुकानं आधीपासून स्वतःची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंटची सूट देत होती. पुढे तिथल्या एका काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात), २०१२ च्या सुरुवातीला, एकदा वापरायच्या प्रत्येक पिशवीवर पाच सेंटचा कर आला. रक्कम तीच, फक्त एकीकडे बक्षीस आणि दुसरीकडे भुर्दंड. सवलतीचा परिणाम जवळपास शून्य होता. कर आल्यावर मात्र, आधी दर पाच ग्राहकांतले चारजण अशी पिशवी घेत होते, ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे कामाला येतो. मिळालेल्या रुपयाच्या आनंदापेक्षा गमावलेल्या रुपयाची टोचणी माणसाला अधिक जाणवते. पण मला वाटतं, एवढंच कारण पुरेसं नाही. आकार लागला की बिल करणाऱ्याला विचारावं लागतं, ‘पिशवी हवी का?’ या एका प्रश्नाने आपोआप चाललेला क्रम तुटतो आणि ग्राहकाला क्षणभर थांबून उत्तर द्यावं लागतं. दोन वस्तू असतील तर तो म्हणतो, राहू दे, हातात नेतो. ज्या वेळी पिशवीची गरजच नव्हती त्या वेळीही ती दिली जात होती, हे अशा वेळी उघड होतं.

आयर्लंडचं उदाहरण या विषयावरच्या जवळपास प्रत्येक चर्चेत येतं, आणि ते रास्तच आहे. ४ मार्च २००२ पासून तिथे प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट आकारायला सुरुवात झाली. त्याआधी माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या वापरल्या जात होत्या, त्या २१ वर आल्या. काही वर्षांत आकडा ३३ पर्यंत वर सरकला, तेव्हा जुलै २००७ मध्ये सरकारने आकार २२ सेंट केला. आकाराची टोचणी कायम टिकत नाही, लोक तिला सरावतात, हे यातून दिसतं. दक्षिण आफ्रिकेत २००३ मध्ये आकार लागला, तेव्हाही वापर सुरुवातीला झपाट्याने घसरला. नंतर पिशवीची किंमत खाली आणली गेली आणि वापर पुन्हा वाढत गेला.

या सगळ्यात मला सर्वांत आशादायक वाटणारी गोष्ट आकड्यांपलीकडची आहे. आपण समजतो की आधी मतपरिवर्तन व्हावं लागतं, मग वागणं बदलतं. पिशव्यांच्या बाबतीत अनेकदा क्रम उलटा लागला. वेल्समध्ये २०११ साली आणि इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ मध्ये आकार लागू झाला, तेव्हा संशोधकांनी आधी आणि नंतर लोकांची मतं घेतली. आकार लागू झाल्यावर त्याला असलेला पाठिंबा वाढला. इंग्लंडमध्ये ही वाढ सर्व वयोगटांत आणि उत्पन्नगटांत दिसली. शिवाय ज्यांचं या आकाराबद्दलचं मत अनुकूल झालं, त्यांचा प्लास्टिकचा कचरा कमी करणाऱ्या इतर उपायांनाही पाठिंबा वाढला. नियम येण्याआधी लोक त्रासाची कल्पना करतात आणि ती कल्पना प्रत्यक्षाहून मोठी असते. नियम आल्यावर पंधरा दिवसांत कळतं की जमतंय. आजूबाजूचे सगळेच स्वतःची पिशवी काढताना दिसले की तेच नेहमीचं वाटू लागतं. आयर्लंडमधला कर तर इतका लोकप्रिय झाला की तो काढून टाकणं राजकारण्यांना महागात पडलं असतं, असं त्याचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलं.

त्यामुळे ‘लोक तयार नाहीत’ हे बंदी किंवा आकार पुढे ढकलण्याचं कारण मला पटत नाही. मात्र नियम कसा लिहिला आहे याला फार महत्त्व आहे, आणि इथे अनेक ठिकाणी फसगत झाली आहे.

शिकागोने २०१५ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी आणली. अनेक दुकानांनी जाड प्लास्टिकच्या पिशव्या ‘पुन्हा वापरण्याजोग्या’ म्हणून द्यायला सुरुवात केली, त्याही फुकट. ग्राहकाच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं, म्हणून त्याची सवयही बदलली नाही. अखेर बंदी मागे घेऊन २०१७ पासून शहराने प्रत्येक पिशवीवर सात सेंटचा कर लावला. कॅलिफोर्नियाच्या राज्यव्यापी बंदीतही जाड पिशवीला वाट ठेवलेली होती, किमान दहा सेंट घेऊन. तिथे फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांचं वजन २०१४ मध्ये सुमारे १ लाख ५७ हजार टन होतं. २०२२ मध्ये ते २ लाख ३१ हजार टनांवर गेलं. पिशवी जाड झाली, वापर एकदाचाच राहिला. २०२४ मध्ये नवा कायदा करून ही वाट २०२६ पासून बंद करण्यात आली. इंग्लंडमध्येही पातळ पिशव्या ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या, पण २०१९ मध्ये दोन पर्यावरण संस्थांनी हिशेब मांडला तेव्हा ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांनी वर्षभरात ‘आयुष्यभरासाठीच्या’, म्हणजे जाड आणि पुन्हा वापरायच्या, दीडशे कोटी पिशव्या विकल्याचं निघालं. म्हणजे दर कुटुंबामागे ५४, आठवड्याला एकाहून अधिक. लोक त्या जपून वापरत नव्हते, विसरल्याचा दंड म्हणून विकत घेत होते.

दुसरी गोष्ट घरातल्या कचऱ्याच्या डब्याची. आपण ज्यांना ‘एकदा वापरायच्या’ पिशव्या म्हणतो त्यांतल्या अनेक दुसऱ्यांदा वापरल्या जातात, डब्यात अस्तर म्हणून. अर्थशास्त्रज्ञ रेबेका टेलर यांनी कॅलिफोर्नियातल्या शहरांमधल्या बंदीचा अभ्यास केला, तेव्हा दुकानातल्या पिशव्यांमुळे होणारा सुमारे १ कोटी ८० लाख किलो प्लास्टिकचा वापर थांबलेला दिसला. पण त्याच वेळी कचऱ्याच्या पिशव्यांची विक्री वाढली आणि त्यातून सुमारे ५४ लाख किलो प्लास्टिक परत आलं. सर्वांत लहान आकाराच्या कचरापिशव्यांची विक्री तर १२० टक्क्यांनी वाढली. बंदी फुकट गेली असा याचा अर्थ नाही, कारण निव्वळ घट झालीच. पण बंदीच्या यशाचा हिशेब फक्त दुकानातल्या पिशव्या मोजून मांडला, तर तो फुगलेला निघतो.

मग कापडी पिशवीचं काय? ती निर्धोक आहे अशी आपली श्रद्धा असते. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिशवी बनवण्यापासून तिची विल्हेवाट लागेपर्यंतचं हवामानावरचं ओझं मोजलं होतं. एका पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला कागदी पिशवी ३ वेळा, जाड प्लास्टिकची ४ वेळा, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची (कापडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची) ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. हा हिशेब पातळ पिशवी लगेच फेकली असं धरून आहे. तिने नंतर डब्यातल्या अस्तराचं काम केलं असं धरलं, तर सुती पिशवीसाठी हाच आकडा ३२७ होतो. आठवड्याला एकदा वापरली, तर सहा वर्षांहून अधिक काळ! कापसाला लागणारं पाणी, खतं, कीटकनाशकं, सूतकताई आणि विणकामाची ऊर्जा, हे सगळं त्या साध्या दिसणाऱ्या पिशवीत आधीच खर्च झालेलं असतं.

समाजमाध्यमांवर याहून मोठा आकडा फिरतो: सेंद्रिय कापसाची पिशवी २०,००० वेळा वापरावी लागते. तो २०१८ च्या डेन्मार्कच्या अभ्यासातला आहे आणि खराही आहे, पण अर्धवट सांगितला जातो. त्या अभ्यासात पर्यावरणाचे अनेक निकष तपासले होते, आणि ज्या निकषावर सुती पिशवी सर्वांत मागे पडली त्यावरून हा आकडा आला. तो निकष ओझोनच्या थराचा होता. केवळ हवामानबदलापुरतं पाहिलं, तर त्याच पिशवीचा आकडा १४९ आहे.

आणखी एक गोष्ट या सगळ्या हिशेबांत नीट येत नाही, ती म्हणजे वाऱ्यावर उडून गटारात, नदीत आणि समुद्रात गेलेली पिशवी. पातळ पिशवी बनवायला कच्चा माल अगदी थोडा लागतो, म्हणून कारखान्याच्या हिशेबात ती जिंकते. पण तोच हलकेपणा तिला उडवतो, आणि निसर्गात ती कुजत नाही, बारीक तुकड्यांत फाटत जाते. बांगलादेशने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली ती हवामानासाठी नव्हती. तुंबलेल्या गटारांमुळे पुराचं पाणी ओसरत नव्हतं, म्हणून ती आली. ॲना पॅप आणि किंबर्ली ओरेमस यांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या हजारो किनारास्वच्छता मोहिमांच्या नोंदी तपासल्या. जिथे बंदी किंवा आकार होता तिथे, तसं धोरण नसलेल्या भागांच्या तुलनेत, गोळा झालेल्या कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा २५ ते ४७ टक्क्यांनी कमी होता. किनाऱ्यावरच्या पिशव्यांचं प्रमाण एकूण सगळीकडेच वाढत होतं, धोरण असलेल्या ठिकाणी ते कमी वेगाने वाढलं. कासवाच्या पोटात जाणारी पिशवी आणि धुराड्यातून निघणारा कार्बन एकाच तराजूत मोजता येत नाहीत. म्हणून ‘प्लास्टिकच बरं’ असा निष्कर्ष काढणारे लेख वाचले की मला राग येतो. निम्मा प्रश्न सोडून देऊन ते उत्तर सांगतात.

जाता जाता स्वच्छतेबद्दल. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांच्या पिशव्या तपासणाऱ्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ कुणीच पिशवी धूत नसल्याचं आढळलं, आणि ८ टक्के पिशव्यांत ई. कोलाय जिवाणू सापडले. धुतल्यावर जिवाणू ९९.९ टक्क्यांनी कमी झाले. कच्च्या मांसासाठी वेगळी पिशवी ठेवली आणि बाकीच्या अधूनमधून धुतल्या, तर हा प्रश्न मिटतो.

आता पुन्हा दाराशी राहिलेल्या पिशवीकडे. ग्राहकाच्या हातातला खरा आकडा ‘किती पिशव्या आहेत’ हा नसून ‘एकच पिशवी किती वेळा वापरली’ हा आहे, आणि तो आठवणीवर ठरतो. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातला एक साधा उपाय इथे लागू पडतो. ‘मी पिशवी नेईन’ असा नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘सामान काढून झालं की लगेच रिकामी पिशवी घडी करून चपलांजवळ ठेवीन’ असं प्रसंगाला बांधलेलं ठरवणं अधिक टिकतं. खूण दुकानातून उचलून घराच्या दारात आणायची, एवढंच यात करायचं असतं. अचानक ठरलेल्या खरेदीसाठी मुठीत मावणारी घडीची पिशवी नेहमीच्या बॅगेत कायमची असावी, कारण अशाच वेळी नव्या पिशव्या विकत घेतल्या जातात.

सवय लागायला किती दिवस लागतात, याचा फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास केला. रोज करायच्या एखाद्या साध्या कृतीची सवय पक्की व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. खरेदी रोजची नसते, त्यामुळे पिशवीला याहून जास्त काळ द्यावा लागणार. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्याच्या क्रमात फारसा खंड पडत नाही.