आवाज गिअरबॉक्सचा की चेनचा?

पचमढीहून किंवा ताडोब्याहून नागपुरात परतल्यावर मोटरसायकलच्या खालून खरखर ऐकू आली, की ‘गिअरबॉक्स सैल झाला, जाड ऑइल टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल पुरते. त्यामुळे गिअरसाठी म्हणून घातलेले जाड ऑइल थंड इंजिनात वर पोहोचायला वेळ लावते आणि बिघाड असलाच तर आवाज दाबून तो फक्त लपवते. कारचे ऑइल घातल्यास, त्यातील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे ओला (ऑइलमध्येच बुडून चालणारा) क्लच घसरू शकतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा दर्जा पाहावा आणि ग्रेड (ऑइलचा जाडपणा) गाडीच्या पुस्तिकेतलीच घ्यावी, मग नागपूरचा पारा ४५ अंशांवर का जाईना.

मुळात असा आवाज बऱ्याचदा चेनचा असतो. इंजिन बंद करून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे. चेन एका जागी ताणलेली, दुसऱ्या जागी लोंबती दिसली किंवा एखादी कडी वाकताना अडखळली, तर दोष तिथेच आहे. आवाज न्यूट्रलमध्ये येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि ते काम ऑइलने होणारे नाही.