कापलेली स्प्रिंग आणि लोअरिंग स्प्रिंग: गाडी सारखीच बसते, मग फरक कुठे?

नाशिकच्या कॉलेज रोडला संध्याकाळी फोक्सवॅगनच्या दोन व्हर्टस शेजारी उभ्या आहेत असं समजा. दोन्हींच्या टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम दोन बोटांची फट. एकीला तयार लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसावी म्हणूनच बनवलेल्या स्प्रिंगा, बसवलेल्या, दुसरीच्या मूळ स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने उडवलेला. उभ्या गाडीकडे बघून कोणती कुठली ते सांगणं अवघड. म्हणूनच गॅरेजवाल्याचं बोलणं पटतं: "साहेब, शेवटी स्प्रिंग लहानच करायचीय ना? मग एवढे हजार कशाला घालवता?"

लहान करायची, हे खरं. पण किती लांबी गेली हेच सगळे बघतात. उरलेल्या स्प्रिंगचं काय झालं ते कुणी बघत नाही.

एक हिशेब मांडतो, आकडे नमुन्याचे आहेत. पुढच्या एका चाकावर ३५० किलो भार आहे आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला अडीच किलो घेते. म्हणजे गाडीच्या वजनानेच ती १४० मिमी दबलेली. तिला काम करणारे सहा वेढे आहेत, त्यातला एक, म्हणजे ५० मिमीचा, कापला. कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात बदलतो. सहाचे पाच झाले की स्प्रिंग २० टक्के कडक, म्हणजे मिमीला तीन किलो. आता तोच भार तिला ११७ मिमीच दाबतो. ५० मिमी कापूनही गाडी खाली आली ती फक्त २७ मिमी. मालक म्हणतो, "अजून थोडी हवी होती," आणि आणखी अर्धा वेढा जातो.

खरी गडबड पुढे आहे. गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खड्ड्यात लोंबलं, की शॉकअप पूर्ण लांबतो. मूळ स्प्रिंग त्याही वेळी वरच्या आणि खालच्या वाटीत (स्प्रिंगची टोकं टेकतात त्या बैठकीत) दाबून बसलेली असते, कारण बसवतानाच ती काही सेंटिमीटर दाबून घातलेली असते. कापताना नेमकी हीच राखीव लांबी जाते. मग चाक लोंबलं की स्प्रिंग वाटीत सैल, आणि चाक परत आपटलं की ती "टंग" करून जागेवर येते. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा दांडा) असलेल्या गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथे ती जागेवरून सरकूही शकते. कापलेली गाडी जॅकवर असेल तेव्हा स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली तर ती गाडी कसारा घाटात नेऊ नका.

ग्राइंडरऐवजी गॅसने कापलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट, आणि तापवून "बसवलेली" सगळ्यात वाईट. स्प्रिंगच्या पोलादाची ताकद पाणी देऊन आणि नंतर मोजून तापवून आणलेली असते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत हीट ट्रीटमेंटमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, टॉर्च लावलेल्या तारेवर त्याचा किती भरवसा आहे. तो भाग मऊ पडतो आणि महिन्यागणिक आणखी बसत जातो, तोही प्रत्येक चाकाला वेगवेगळा. ग्राइंडरने कापली तरी टोकाचा रंग उडतोच. तिथे गंज धरतो आणि तडा बहुतेक गंजाच्या खड्ड्यातूनच सुरू होतो. शिवाय मूळ टोक वाटीतल्या खाचेत बसेल असं वळवलेलं असतं. कापलेलं टोक त्या खाचेत नीट टेकत नाही.

लोअरिंग स्प्रिंगमध्ये हे सगळं आधीच धरलेलं असतं. हातात घेऊन पाहिलीत तर बऱ्याच स्प्रिंगांचे एका टोकाचे दोन-तीन वेढे एकमेकांच्या फार जवळ दिसतील. गाडी खाली टेकली की ते मिटून जातात आणि भार उरलेले वेढे पेलतात. मग त्यांचा उपयोग काय? चाक लोंबलं की ते उघडतात आणि स्प्रिंगला वाटीत घट्ट धरून ठेवतात. कडकपणाही लांबी कापून आलेला नसतो, तारेच्या जाडीतून ठरवलेला असतो. तिथे फरक फार बारीक असतो: तार १२ मिमीची १२.५ केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग सुमारे १८ टक्के कडक होते.

म्हणून लोअरिंग स्प्रिंग घातली की झालं, असंही नाही. तीही चाकाचा वरचा प्रवास खातेच. बंप स्टॉपला (चाकाचा वरचा प्रवास अडवणाऱ्या रबराला) लागेपर्यंत ७० मिमी जागा असेल आणि गाडी ३० मिमी खाली आली, तर उरले ४०. त्र्यंबक रोडच्या पावसाळी खड्ड्यात बसतो तो दणका पुष्कळदा स्प्रिंगचा नसतोच, तो रबराचा असतो. आणि लोक गॅरेजात जाऊन सांगतात, "स्प्रिंग फार कडक आहे." दुसरी गोष्ट शॉकअपची. स्प्रिंग जोर साठवते, शॉकअप तो जिरवतो. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप थकलेला तोच ठेवला, तर उंचवट्यानंतर गाडी एकदा जास्तच उसळते. ५०-६० हजार किमी झालेल्या गाडीत स्प्रिंग घालताना शॉकअप तपासलेच पाहिजेत, आणि माझ्या मते पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी शॉकअप घ्या.

वळणावर फायदा होतो, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमीवर असेल आणि गाडी ३ सेंमी खाली आली, तर वळणात बाहेरच्या चाकांकडे जाणारा भार साधारण पाच टक्के कमी होतो. चांगलं आहे, पण सीटवर जाणवेल एवढं नाही. गाडी कमी कलते ती मुख्यतः स्प्रिंग कडक झाल्यामुळे. उलट पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात) असलेल्या गाड्यांत फार खाली गेलं की चाकाला खालून धरणारा आर्म चाकाकडच्या टोकाला वर झुकायला लागतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो आणि कलण्याचा जोर वाढतो. फोटोत भारी दिसणारी ५०-६० मिमी बसवलेली गाडी सापुताऱ्याच्या वळणांत मूळ गाडीपेक्षा आळशी वाटते, त्यामागे हे कारण असू शकतं.

नाशिकमध्ये किती खाली जावं? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. व्हर्टस आणि तिची स्कोडातली जुळी बहीण स्लाव्हिया यांची पुढच्या-मागच्या चाकांतली लांबी २.६५ मीटर. असा ब्रेकर पोटाखाली असतो तेव्हा चाकंही त्याच्याच उतारावर असतात, त्यामुळे पोटाला तो पाचेक सेंमीच भिडतो. रिकाम्या गाडीच्या १७९ मिमी क्लिअरन्समधून (पोट आणि रस्ता यांतल्या अंतरातून) ३० गेले आणि माणसं-बॅगांनी आणखी तीन-चार सेंमी गेले, तरी ती अलगद निघते. भीती आहे ती पंचवटीतल्या गल्ल्यांत रहिवाशांनी स्वतः टाकलेल्या अरुंद, टोकदार उंचवट्यांची. तिथे चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि अख्खा उंचवटा पोटाखाली. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्पही तसाच. म्हणून २५ ते ३० मिमी, त्यापुढे नाही. होंडा सिटीचा क्लिअरन्स मुळातच १६५ मिमी आहे, तिथे मी २५ वरच थांबेन.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची आठवण ठेवा. कंपनीच्या मूळ मापात बदल करताना हे कलम आड येतं आणि अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. पॉलिसी घेताना बदल लेखी कळवलेला बरा.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, कारण उंची बदलली की टो (चाकं सरळ न राहता आत-बाहेर वळण्याचा कोन) बदलतो आणि टायर आतून झिजतो. शंभर-दोनशे किमी चालवून गाडी नीट बसू द्या, मग करा. हेडलाइटची उंचीही तेव्हाच जुळवून घ्या. आणि मेकॅनिक शेवटचे बोल्ट आवळत असताना तिथे उभे राहा. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेलीच राहते आणि लवकर फाटते. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर, आणि मगच शेवटचा आवळा.