पार्श्वभूमी : चोबे नदीवरची सफारी

बोत्सवानातल्या कासाने गावातून दुपारी सुटणाऱ्या पर्यटक बोटी एका सपाट, गवताळ बेटाला हमखास वळसा घालतात. बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. हत्ती सोंडा वर धरून पोहत तिथे चरायला जातात आणि तेवढं पाहायला माणसं अर्धं जग ओलांडून येतात. बेटावर बोत्सवानाचा झेंडा आहे. बोत्सवाना त्याला सेडुडू म्हणतो, पलीकडचा नामिबिया कासिकिली. चोबेवरच्या महागड्या सफारीची गोष्ट या झेंड्यापासून सुरू करावी असं मला वाटतं.

१ जुलै १८९० रोजी ब्रिटन आणि जर्मनी यांनी बर्लिनमध्ये करार करून आफ्रिकेतल्या आपापल्या हद्दी आखून घेतल्या. जर्मनीला झांबेझी नदीपर्यंत वाट हवी होती. तिला जमिनीची एक चिंचोळी पट्टी मिळाली आणि त्या वेळच्या जर्मन चान्सलरवरून तिचं नाव काप्रिवी पडलं. इथली हद्द ठरली चोबेच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यावरून. पण बेटाच्या दोन्ही अंगांनी पाणी वाहतं. त्यातला मुख्य प्रवाह कोणता, हे करारात कुणी लिहिलंच नाही.

बोत्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, नामिबिया १९९० मध्ये, आणि वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मासुबिया लोक या बेटावर शेती करत आले आहेत, हा नामिबियाचा मोठा आधार होता. न्यायालयाने ते लोक तिथे कसत होते हे नाकारलं नाही. पण त्यांच्या शेतीने नामिबियाची सत्ता सिद्ध होत नाही, असं ठरवलं. उत्तरेकडचा प्रवाह मुख्य मानला गेला आणि १३ डिसेंबर १९९९ रोजी ११ विरुद्ध ४ मतांनी बेट बोत्सवानाकडे गेलं. याच निकालात एक कलम एकमताने आलं : बेटाभोवतीच्या दोन्ही प्रवाहांत दोन्ही देशांच्या लोकांना आणि बोटींना सारखीच वागणूक मिळेल. नामिबियाच्या काठाला बांधलेल्या हाउसबोटींचे प्रवासी आज निर्धास्तपणे बेटाजवळ हत्ती पाहतात, त्यामागे हे कलम आहे. कासानेला पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, छोट्या बोटीने नदी ओलांडायची, पलीकडे इम्पालिला बेटावर दुसरा शिक्का, मग हाउसबोट. प्रवाशांना ही कटकट वाटते, पण ती १८९० च्या रेषेची आहे.

क्रूझ म्हटलं की आठवडाभराचा जलप्रवास डोळ्यांसमोर येतो. इथे तसं नाही. बहुतेक लोक बोटीवर दोन-तीन रात्री राहतात आणि बोट नदीच्या एका टप्प्यातच फिरते. चोबे कझुंगुलापाशी झांबेझीला मिळते आणि तिथून थोड्याच अंतरावर पुढे व्हिक्टोरिया धबधबा आहे. झांबेझी हा आफ्रिकेच्या पोटात शिरणारा जलमार्ग होईल, अशी स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनची खात्री होती. १८५८ मध्ये तो ‘मा रॉबर्ट’ ही वाफेची बोट घेऊन समुद्राच्या बाजूने वर निघाला आणि आजच्या मोझांबिकमधल्या काहोरा बासाच्या खडकाळ उतारांपाशी त्याचा बेत संपला.

सफारी हा शब्द स्वाहिलीत प्रवासासाठी वापरतात. तो अरबी ‘सफर’वरून आला, आणि तीच सफर मराठीतही आहे. एकोणिसाव्या शतकात सफारी म्हणजे डोक्यावर ओझी घेऊन महिनोन् महिने चालणाऱ्या माणसांचा तांडा. या तांड्यात आपल्याकडून गेलेली माणसंही होती, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहेत. १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन ‘लेडी न्यासा’ ही छोटी बोट झांझिबारहून स्वतः हाकत मुंबईला आला. शेवटच्या मोहिमेसाठी त्याने नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमधले नऊ तरुण बरोबर घेतले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे शिकवलं जाई. नंतर १८७२ मध्ये त्याच्याकडे पाठवलेल्या तुकडीतला जेकब वेनराइटही याच शाळेत शिकलेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर त्याचं नाव कोरलं. सोबत्यांनी ते शव जवळजवळ नऊ महिने चालून समुद्रकाठी आणलं. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. सफारीच्या इतिहासात लिव्हिंगस्टनच्या बरोबरीने त्याचं नाव यायला हवं, असं मी ठामपणे म्हणेन.

ओझ्यांची सफारी संपून जीप-बोटींची कशी आली, याचा बोत्सवानापुरता इतिहास छोटा आहे. १९६० मध्ये चोबेला अभयारण्य आणि त्याच दशकात पुढे राष्ट्रीय उद्यान झालं. १९७५ मध्ये हॉलिवूडचे तारे रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांनी इथेच दुसऱ्यांदा एकमेकांशी लग्न केलं आणि कासाने जगाच्या वर्तमानपत्रांत आलं. १९९० च्या पर्यटन धोरणाने ठरवलं की पर्यटक थोडे यावेत, पण प्रत्येकाने भरपूर खर्च करावा. इथल्या मुक्कामाचे चढे दर त्या धोरणातून आलेत. देशात आज सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. गर्दी आवरली नसती तर नदीकाठी त्यांना एवढी मोकळीक राहिली नसती, असं मला वाटतं.

उद्यानाच्या आत, काठावर सेरोंडेला नावाची वस्ती होती. जंगलातलं लाकूड तोडणाऱ्यांची. उद्यान झाल्यावर माणसं टप्प्याटप्प्याने हलवली गेली आणि १९७५ पर्यंत वस्ती रिकामी झाली. आता जीपवाले पर्यटकांना चहा प्यायला, पाय मोकळे करायला तिथे उतरवतात.